क्लच कळत नाही

गणपतीचे लाउडस्पीकर थंडावतात आणि आमच्या नेरूळमधल्या रस्त्यावरच्या सप्तपर्णीला घोसच्या घोस लागतात. दिवसभर ऊन असं पडतं की पार्किंगच्या पत्र्याखाली उभं राहवत नाही, आणि संध्याकाळी तो उग्र, गोडसर, डोक्यात जाणारा वास खिडक्यांतून घरात येऊन बसतो. पुष्कळांना तो आवडतो. मला आवडत नाही असंही नाही. पण तो आला की मी सावध होते. खाली जाते, गाडीवरचं कव्हर वर करते आणि वाकून जमिनीकडे बघते. डाग आहे का? ओला आहे का? तेलाचा आहे की पाण्याचा? बोट लावते, वास घेते. वॉचमन लांबून बघत असतो. या बाईंचं काहीतरी हरवलंय, असं त्याला वाटत असेल.

हरवलेलं काही नाही. ही सवय एका ऑक्टोबरने लावली.

श्रीकांत, माझा नवरा, तुर्भ्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात इंजिनीअर होता. आयुष्यभर आमच्याकडे पांढऱ्या, शहाण्या गाड्या होत्या. आत चार माणसं बसतील, डिकीत गावाकडचे आंबे मावतील अशा. निवृत्त झाल्यावर मात्र तो एक दिवस निळी, बुटकी, दोनच दारांची जुनी जपानी स्पोर्ट्स कार घेऊन आला. तिच्यात बसायचं म्हणजे पाटावर बसायचं, आणि उतरायचं म्हणजे कुणीतरी हात द्यायचा. आमचा मुलगा अनिकेत बंगळूरला असतो. त्याने व्हिडिओ कॉलवर गाडी पाहिली आणि विचारलं, "बाबा, मागच्या सीटवर कोण बसणार?"

"पिशवी," श्रीकांत म्हणाला.

मी पहिल्या दिवसापासून त्या गाडीवर संशय घेतला. किलोमीटरचा आकडा बघून मला वाटलं होतं की आदल्या मालकाने बहुधा तिची टॅक्सी केली असावी. "पुण्याच्या एका डॉक्टरांनी जपून वापरलीये," असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. जपून? ड्रायव्हरच्या सीटची कड फाटलेली, गिअरच्या मुठीवरचे आकडे तळव्याने घासून पुसलेले. शाळेत पुष्कळ वर्षं मराठी शिकवल्यामुळे मला एक खोड आहे. कुणी काही सांगितलं की त्याने काय गाळलं, ते मी आधी शोधते.

पण श्रीकांतचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. सकाळी लवकर पाम बीच रोडला जायचं, डाव्या हाताला खाडी, पाण्यावर पातळ धुकं, आणि गाडीच्या पोटातून येणारा तो घोगरा आवाज. तो गाणी लावत नसे. "हे ऐक ना," म्हणायचा. मी ऐकायचे. मला त्या आवाजात पुढच्या बिघाडाची चाहूल लागायची.

आणि बिघाड व्हायचेच. एकदा काच खाली गेली ती वर येईना. भर दुपारी उघड्या काचेने आम्ही महाप्याच्या ट्रकांमधून धूळ खात आलो. एकदा वाशीच्या पुलावर सायलेन्सर लोंबकळला आणि मागचे लोक हॉर्न वाजवून आम्हाला तेच सांगत राहिले, जे आम्हाला ऐकू येतच होतं. मग रेडिएटरचा पंखा गेला. एक दुरुस्त झालं की दुसरं. गाडी तुर्भ्याला हरेशच्या गॅरेजमध्ये जायची, यायची, पुन्हा जायची.

हरेश इथलाच, खाडीकाठच्या गावातला. त्याच्या वडिलांची मासळीची होडी होती, त्याला इंजिनांचा नाद लागला. चाळिशीचा, जाडजूड, बोलायला मोकळा. मला तो जरा जास्तच मोकळा वाटायचा. "ताई, टेन्शन नका घेऊ, हरेश हाय ना," असं तो म्हणाला की माझं टेन्शन सुरू व्हायचं. एका माणसाकडे गाडी गेली की तिचं काही ना काही निघतंच, हा योगायोग मला पटत नव्हता. पंखा बदलताना त्यानेच काही सैल करून ठेवलं नसेल कशावरून?

तर तो ऑक्टोबर. ऊन मी म्हणत होतं. ओहोटीच्या वेळी खाडीकडून चिखलाचा कुबट वास यायचा, त्यात सप्तपर्णी मिसळलेली. गाडीत बसलं की तापलेल्या रबराचा वास. अशा एका दुपारी श्रीकांत वर आला, पंख्याखाली बसला आणि म्हणाला, "क्लच कळत नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे दाबलाय की नाही तेच कळत नाही. पेडल मऊ पडलंय. लागत नाही पायाला."

गाडी हरेशकडे गेली. हरेशने क्लच प्लेट बदलली. आठवडाभर बरं वाटलं, मग पुन्हा तेच. हरेशने पेडलचा जोर पुढे पोचवणारा मास्टर सिलिंडर बदलायचं ठरवलं. श्रीकांत मान डोलावत होता. मी मात्र त्या दिवशी मुद्दाम बरोबर गेले होते, आणि पर्समध्ये माझ्या भाचीच्या लग्नात आणलेली कोरल रंगाची नेलपॉलिशची बाटली होती. हरेश फोनवर बोलत रस्त्यापर्यंत गेला, श्रीकांत पाणी प्यायला गेला. मी उघड्या बॉनेटमध्ये वाकले आणि त्या जुन्या सिलिंडरवर, कुणाला सहज दिसणार नाही असा, एक ठिपका दिला. पार्ट खरंच बदलला की नुसता पुसून परत बसवला, ते आता कळणार होतं. बाटली घाईघाईने पर्समध्ये टाकली. भीतीने कमी, आनंदाने जास्त.

दोन दिवसांनी हरेशने जुना पार्ट वर्तमानपत्रात गुंडाळून आमच्या हातात दिला. घरी आल्यावर मी तो बाल्कनीत नेऊन रॉकेलने पुसला. तेलकट काळ्या थराखाली माझा ठिपका होता. माणूस खरं बोलत होता.

मला आनंद व्हायला हवा होता. माझा चक्क हिरमोड झाला. कारण हरेश खोटा नसेल, तर मग कोण?

कारण पेडल अजूनही कळत नव्हतं.

मग माझा संशय घरातच वळला. श्रीकांत हल्ली सारखा गॅरेजवर जायचा. घरी दोन वाक्यं बोलणारा माणूस तिथे स्टुलावर बसून तास तास गप्पा मारायचा. हा मुद्दाम तक्रारी काढत असेल का? निवृत्त माणसाला जायला एक जागा लागते. पण मग पाम बीचच्या सकाळच्या फेऱ्या का बंद झाल्या? मी विचारलं तर म्हणाला, "क्लच नीट होऊ दे, मग जाऊ." एकदा तो बाहेरून आला, सोफ्यावर बसला, आणि मी बघितलं तर त्याच्या एकाच पायात चप्पल. दुसरी लिफ्टमध्येच राहिली होती. मी खूप हसले. तोही हसला, पण जरा उशिरा, आधी खाली पायाकडे बघून.

त्याला शुगर होती, आहे. औषध चालू होतं. सकाळी बोटाला टोचून बघायचं मशीन होतं आणि त्याचा त्या मशीनवर अजिबात विश्वास नव्हता. "स्ट्रिप्स जुन्या असतील," "सेन्सर गंडलाय," असं म्हणून तो जास्त आलेला आकडा माझ्यापासून दूर ठेवायचा. आयुष्यभर कारखान्यातले गेज वाचून निर्णय घेणारा माणूस. तिथे काटा लाल रेषेकडे गेला की आधी प्लांट थांबवायचा, मग गेज तपासायचा. घरी त्याने उलटं धरलं होतं.

दसऱ्याला गाडी धुतली, झेंडूची माळ घातली, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. श्रीकांत म्हणाला, गेटपर्यंत एक फेरी मारून आणतो, मुहूर्त आहे. मी ताट घेऊन पार्किंगमध्ये उभी होते. गाडी सुरू झाली, मागे आली, वळली. गेटपाशी वॉचमन प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता. गाडी येताना बघून तो गेट उघडायला उठला. आणि थांबायला आलेली गाडी एकदम उसळली, पुढे झेपावली, आणि कडाड असा आवाज होऊन बंद पडली.

खुर्ची भिंत आणि बंपरच्या मध्ये चेपली गेली होती. तिचे पाय चारी दिशांना पसरले होते. वॉचमन गेटची कडी हातात धरून उभा होता आणि खुर्चीकडे बघत होता. नुसता बघत राहिला. ते त्याचं बघणं मी अजून विसरलेले नाही.

बाल्कन्यांमध्ये माणसं आली. सोसायटीचे सेक्रेटरी लेंग्यावरच खाली उतरले. "अहो, या भंगार गाड्या घेऊन कशाला फिरता? माणूस गेला असता!"

श्रीकांत कसाबसा बाहेर आला. चेहरा पांढराफटक. "क्लच सुटला," तो म्हणाला. "पेडलच नव्हतं. मी सांगतोय कधीपासून, त्या हरेशने वाट लावलीये गाडीची."

सणाचा दिवस असूनही आम्ही तडक तुर्भ्याला गेलो, गाडी एका टेम्पोला टोचन लावून, आम्ही मागून रिक्षात. हरेशच्या गॅरेजला तोरण होतं, त्याने अंगात नवा शर्ट घातला होता. श्रीकांत त्याच्यावर ओरडला. एवढ्या वर्षांत मी त्याला कुणावर असं ओरडताना पाहिलं नव्हतं. "माणूस मरता मरता वाचलाय! तू बदलतोस काय आणि सांगतोस काय?"

हरेशही भडकला. "साहेब, प्लेट नवीन हाय, सिलिंडर नवीन हाय. आता त्याच्यात काय खराब होनार? तुमाला गाडी नको झाली काय? तसं सांगा ना सरळ. माझं नाव कशाला खराब करता?"

म्हणजे तोही आमच्यावर संशय घेत होता. आम्ही गाडी त्याच्या गळ्यात मारायला बघतोय, असं त्याला वाटत होतं. ते ऐकून मला विचित्र बरं वाटलं. निदान हिशेब बरोबरीचा झाला.

"मी चालवून दावतो," हरेश म्हणाला.

"तू चालवशील तेव्हा नीटच चालेल," श्रीकांत म्हणाला.

हरेश माझ्याकडे वळला. "मग ताई, तुमी चालवा. तुमचा माझ्यावर भरोसा नाय, मला म्हाईत हाय. तुमीच बघा."

मी ती गाडी तोवर एकदाही चालवली नव्हती. सीट पुढे ओढली, साडीचा काठ वर खोचला, चप्पल काढून ठेवली. हरेश शेजारी बसला. मी क्लच दाबला. पेडल भक्कम होतं. एका विशिष्ट जागी ते किंचित अडलं, आणि सोडताना त्याच जागी गाडीने हलकेच पुढे व्हायची तयारी दाखवली, इतकं स्पष्ट की कुणी हात धरून सांगावं. मी रस्त्याला लागले. महाप्याच्या दिशेने गेले, सणामुळे ट्रक कमी होते. सिग्नलला थांबले, निघाले, पुन्हा थांबले, चढावर थांबवून बघितली. कुठेच काही नाही. मी दोष सापडावा म्हणून पायाने चाचपडत होते आणि मला दोष सापडत नव्हता.

"बोला आता," हरेश म्हणाला.

मी गाडी गॅरेजकडे वळवली. बोलायला जे होतं ते हरेशला सांगण्यासारखं नव्हतं, आणि अजून मलाही ते पुरतं उमगलं नव्हतं.

परत येताना गाडी मीच चालवली. श्रीकांत शेजारी बसला, खिडकीबाहेर बघत. "बघ, लागत नाहीये ना?" त्याने एकदा विचारलं. मी "हं" म्हणाले. सप्तपर्णीचा वास गाडीत शिरला होता. कोमेजलेल्या झेंडूची माळ बंपरवर घासत होती.

घरी आल्यावर त्याने खुर्चीत बसून बूट काढला. डाव्या बुटातून काहीतरी टणकन फरशीवर पडलं आणि गडगडत गेलं. मी उचललं. लोखंडी नट होता, मटारच्या दाण्याएवढा. गॅरेजमध्ये पायाखालचं आत शिरलं असेल. आजचं की परवाचं, कोण जाणे. त्याच्या मोज्याला अंगठ्याच्या मागे एक ओला, तपकिरी डाग होता. मी मोजा काढला. तळव्याला खोलगट जखम होती आणि कडा पांढऱ्या पडल्या होत्या.

"दुखत नाही?" मी विचारलं.

"काय?" तो म्हणाला.

तो खरंच विचारत होता.

'क्लच कळत नाही.' तेव्हा ते वाक्य मला नीट ऐकू आलं. त्यातला 'मला' तेवढा गाळलेला होता, आणि आम्ही तिघंही क्लचकडे बघत बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी जखम पाहिली, चेहऱ्यावर काही दाखवलं नाही, आणि श्रीकांतला टेबलावर आडवं व्हायला सांगितलं. "डोळे मिटा. मी हा नायलॉनचा दोरा पायाला टेकवीन. जिथे लागेल तिथे 'हो' म्हणा." खोलीत एसीची घरघर होती. डॉक्टरांनी दोरा अंगठ्याला टेकवला, तो वाकेपर्यंत दाबला. मग करंगळीच्या खाली. मग चवड्यावर, मग टाचेवर. मी टेबलाच्या पायथ्याशी उभी राहून बघत होते. श्रीकांत डोळे मिटून शांत पडला होता, शहाण्या विद्यार्थ्यासारखा, प्रश्नाची वाट बघत.

शेवटी तोच म्हणाला, "डॉक्टर, सुरू करा ना."

डॉक्टरांनी दोरा खाली ठेवला. आम्ही एकमेकांकडे बघितलं.

पुढचे महिने ड्रेसिंगचे होते. बोट जाईल असं एकदा वाटलं, गेलं नाही. पाय भरून यायला थंडी सरत आली. तोवर खाडीत रोहित पक्षी आले होते आणि लोक पहाटे कॅमेरे घेऊन तिकडे जात होते. आम्ही गॉझ आणि मलमं घेऊन दवाखान्यात जात होतो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, क्लचची गाडी आता चालवायची नाही. श्रीकांतने त्यांना "का?" असंही विचारलं नाही. घरी आल्यावर मात्र मला म्हणाला, "दुसऱ्या कुणाचं मत घेऊया का? त्यांचा दोरा जरा जाड असेल."

हरेशला मी फोन करून सगळं सांगितलं. मग तो म्हणाला, "म्हंजे माझा क्लच बरोबर होता ना?"

"बरोबर होता."

"मग ठीक हाय," तो म्हणाला, आणि लगेच ओशाळून, "पाय कसा हाय साहेबांचा?"

श्रीकांतने स्वतः मात्र कुणाला काही सांगितलं नाही. अनिकेतला म्हणाला, खिळा लागला होता. स्वतःच्या बहिणीला म्हणाला, बूट चावला. सेक्रेटरींना, गाडीत बिघाड होता, आता काढून टाकतोय. वॉचमनला त्याने नवी खुर्ची आणून दिली, हाताची, उशी असलेली, पण त्यालाही म्हणाला, "वो क्लच खराब था." मी शेजारी उभी होते. उभं आयुष्य मोजमापं करणाऱ्या माणसाला आपलंच एक माप हाताला लागत नाहीये, हे मोठ्याने म्हणायला किती जड जात असेल, ते मला दिसत होतं.

आणि मग गाडी विकायची ठरली. जाहिरात टाकली. उन्हाळा लागायच्या बेताला महाप्याच्या एका आयटी कंपनीतला तरुण ती बघायला आला, बरोबर गाड्यांतलं कळणारा मित्र घेऊन. त्या मित्राने लोहचुंबक आणलं होतं. पत्र्यावर सगळीकडे लावून बघत होता, कुठे खड्डा लपवायला लांबी भरलीये का ते. मला तो फार आवडला. खाली झोपून त्याने टॉर्च मारला, बोटाने तेल चोळून पाहिलं, वास घेतला.

"काका, क्लच प्लेट नवीन, मास्टर सिलिंडर नवीन," तो उठून बिलं चाळत म्हणाला. "म्हणजे क्लचचा मोठा प्रॉब्लेम होता. ठीक झाला नाही म्हणून काढताय ना?"

मी श्रीकांतकडे बघितलं. मला वाटलं, आता तो म्हणेल, हो, पण आता ठीक आहे. ते सोपं होतं. तो गाडीच्या टपावर हात ठेवून उभा होता. कोवळं ऊन त्याच्या हातावर पडलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "क्लचमध्ये काहीच नव्हतं. गाडीत दोष नव्हता. माझ्या पायात होता. माझ्या डाव्या पायाला काही कळत नाही. शुगरमुळे. मी गाडीला दोष देत राहिलो."

दोघांनी त्याच्या पायाकडे बघितलं, मऊ काळ्या बुटाकडे. मग एकमेकांकडे. त्या मित्राच्या चेहऱ्यावर हलकंसं हसू आलं.

"काका," तो तरुण नम्रपणे म्हणाला, "विकताना सगळे काहीतरी सांगतातच." आणि कळवतो म्हणून दोघं निघून गेले. ते कळवणार नव्हते, हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं.

श्रीकांत गेटकडे बघत होता. मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय, म्हणून मी पुढे झाले. तो हसत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "खरं सांगितलं ना मी," तो म्हणाला, "आणि बघ."

मग त्याने खिशातून किल्ली काढून माझ्या हातात दिली. तो स्वतः पलीकडच्या दाराने, माझा हात धरून, आत बसला. आम्ही पाम बीचला लागलो. खाडीवर भरती होती. मी गिअर तिसऱ्यातून चौथ्यात टाकला तेव्हा त्याने मान तिरपी केली.

"पुढून, डाव्या बाजूने काहीतरी खडखडतंय," तो म्हणाला.

मी त्याला "काही नाही" म्हणणार होते. पण काच खाली केली, वेग कमी केला आणि नीट कान दिला.

खडखडत होतं.